टाचेवरचा बिब्बा

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना ज्यांच्या टाचेत कळ येते, त्यांनी हे वाचावं. ज्यांची टाच दुखत नाही त्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांना मी उगाच बाऊ करते असं वाटेल. मलाही तसंच वाटायचं. टाच हा काय दुखण्याचा अवयव आहे? डोकं दुखतं, पोट दुखतं, कंबर तर आमच्याकडे सगळ्याच बायांची दुखते. टाच दुखते म्हणून कोणी कामाला सुट्टी घेतल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

मी पालीजवळ, बिंदुसरा धरणाच्या अंगाला एका वस्तीवर राहते. घरात मी, चार वर्षांची गौरी आणि सासूबाई. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात, मग नात्यातली असो किंवा नसो. गौरीचे पप्पा पुण्याला एका कंपनीत आहेत, महिन्यातून एकदा घरी येतात.

वनरक्षकाच्या भरतीची जाहिरात आली तेव्हा वयाच्या हिशेबाने माझ्यासाठी ती शेवटची होती. पुढच्या वेळी मी फॉर्मच भरू शकणार नव्हते. लेखी परीक्षा मी पास झाले, तीही चांगल्या गुणांनी. राहिलं होतं मैदान. बायकांना तीन किलोमीटर पळायचं आणि जितकं लवकर पोचाल तितके गुण जास्त. हातात तीन महिने होते. मी उभ्या आयुष्यात एसटी पकडायला सोडून कधी पळाले नव्हते.

*

मला पळायला आत्यांनी लावलं. सुनेला घराबाहेर पाठवायचं म्हटलं की सासू आडवी येते असं सगळे गृहीत धरतात. आमच्याकडे उलटं होतं. आत्या स्वतः दुसरीपर्यंत शिकल्या आणि शाळा सुटल्याची चीड त्यांनी साठीपर्यंत जपून ठेवली. माझा लेखीचा निकाल लागला तेव्हा त्यांनी सगळ्या वस्तीत साखर वाटली. पेढे नाहीत, साखर, कारण पेढ्यांसाठी बीडला जावं लागलं असतं आणि त्यांना तेवढा दम नव्हता.

पहाटे उजाडलं की आम्ही दोघी धरणाच्या रस्त्याला जायचो. गौरी शेजारच्या काकूंकडे झोपलेली असायची. आत्या पुलाच्या कठड्यावर बसायच्या, हातात माझा मोबाईल. स्टॉपवॉचचं हिरवं बटण आणि लाल बटण एवढं मी त्यांना शिकवलं होतं. मी समोरून येताना दिसले की त्या उठून उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "हात हलीव! नुसती काय चालल्यावानी पळायलीस!" दूध घालायला जाणारे लोक थांबून बघायचे. "म्हातारी सुनेला पळवायलीय," असं म्हणून हसायचे. आत्या त्यांच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

पहिल्या दिवशी मी अर्ध्या किलोमीटरवर बसले आणि ओकले. तीन आठवड्यांनी तीन किलोमीटर न थांबता झाले. मग मला चढली. मी सकाळ-संध्याकाळ पळायला लागले, तेही डांबरीवर, बीडच्या फुटपाथवरून आणलेल्या बुटांत, ज्यांचा तळ आठ दिवसांत पापडासारखा झाला होता. नव्याने पळणाऱ्याला कोणीतरी सांगायला पाहिजे की दम आधी तयार होतो आणि पाय मागून. मला सांगणारं कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

*

एका सकाळी उठले, पाय जमिनीला टेकवला आणि खाली बसले. खिळ्यावर पाय पडला असं वाटलं. वाकून बघितलं तर काटा नाही, खडा नाही, काहीच नाही. भिंतीला धरून आठ-दहा पावलं टाकली आणि दुखणं कमी झालं. पळायला लागल्यावर तर गेलंच.

या आजाराचा खोटेपणा हाच. थोडं चाललं की तो गप्प बसतो आणि आपल्याला वाटतं, पळाल्यानेच बरं होतंय. मी पंधरा दिवस तसंच समजत राहिले. रोज सकाळची कळ वाढत होती आणि मी रोज अर्धा फेरा जास्त मारत होते. भाकरी करताना एका पायावर उभी राहायचे. आत्यांच्या ते लक्षात आलं.

"कावून गं लंगडायलीस?"

"काही नाही, चप्पल चावली."

"चप्पल टाचंला खालून चावती व्हय?"

दुसऱ्या दिवशी पळताना वळणावर पाय असा सटकन दुखला की मी रस्त्याच्या कडेला पालथी पडले. आत्या कठड्यावरून उतरून पळत आल्या. मोबाईल तिकडेच राहिला होता आणि स्टॉपवॉच चालूच होतं. घरी गेल्यावर बघितलं तर एक तास बावीस मिनिटं झाली होती.

*

बीडला हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. बाकावर तीन तास बसलो. समोर एका पोराच्या हाताला प्लास्टर, एका आजोबांच्या गुडघ्याला पट्टी. त्यांच्याकडे बघून मला माझीच लाज वाटत होती. चांगली धडधाकट बाई, पायाला साधं खरचटलेलंही नाही, आणि इथे येऊन बसलीय.

डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, तो बाजूला ठेवला आणि अंगठ्याने टाचेच्या आतल्या बाजूला एकाच जागी दाबलं. मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरचं माणूस दारातून डोकावलं.

"प्लांटर फॅसायटिस," डॉक्टर म्हणाले. "टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. तो सुजलाय. हाड ठीक आहे."

हाड ठीक आहे म्हटल्यावर आत्यांनी हात जोडले. मलाही हलकं वाटलं. मग डॉक्टर म्हणाले, "सहा ते आठ आठवडे पळणं बंद."

मैदानाला पाच आठवडे राहिले होते.

मी ते सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मी तुम्हाला पळू नका असंच सांगणार. व्यायाम करा, मऊ तळाची चप्पल घरातही घाला, बाटलीत पाण्याचा बर्फ करून तळव्याखाली फिरवा. इंजेक्शन घेऊन पळाल तर पट्टा तुटू शकतो. आणि घरचे उपाय करू नका. टाच शेकू नका, कापू नका, काही लावू नका." शेवटचं वाक्य ते आत्यांकडे बघून बोलले. आत्यांनी मान हलवली.

परत येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. पालीचा थांबा आला तेव्हा आत्यांनी माझी पिशवी आपल्या खांद्याला घेतली.

*

पुढचे पंधरा दिवस मी शहाण्यासारखी वागले. सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच टॉवेल तळव्याला अडकवून ओढायची, बाटली फिरवायची. गौरीला तो खेळ वाटायचा. फरक पडत होता, पण गोगलगाईच्या चालीने. भीती मात्र रोज दुप्पट होत होती. मी दिवस मोजायची आणि रात्री स्वप्नात पळायची, आणि स्वप्नातही मागेच राहायची.

फोनवर गौरीचे पप्पा म्हणाले, "जमत नसंल तर सोडून दे. आपलं काय अडलंय?" ते चांगल्या मनाने म्हणाले, पण मी फोन ठेवून दिला. आपलं काही अडलं नव्हतं, माझं अडलं होतं. मला माझ्या नावाचं ओळखपत्र पाहिजे होतं. ते त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि मीही कधी नीट सांगितलं नाही.

मैदानाला तीन आठवडे उरले तेव्हा बिब्ब्याचा विषय निघाला.

बिब्बा म्हणजे काळं, टणक बी. दाभणाला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल सुटतं. ते गरम तेल दुखऱ्या जागी टेकवतात. आमच्याकडे टाचेच्या भेगांत, मोडलेल्या काट्यावर, मुरगळलेल्या सांध्यावर बिब्बा घालायची पद्धत आहे. आत्यांच्या दोन्ही टाचांवर त्याचे जुने काळे डाग आहेत आणि त्या टाचांवर त्या जन्मभर ढेकळांतून अनवाणी फिरल्या.

संध्याकाळी दिवा लावला. आत्यांनी दाभण धरलं. मी पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. पाच चटके बसले. मी दातात पदर धरला होता. "झालं, झालं," आत्या म्हणत होत्या. "सकाळी पळशील बघ."

*

सकाळी खरंच दुखलं नाही. मी अंगणात उड्या मारून दाखवल्या. आत्यांनी देवापुढे नारळ ठेवला.

दुपारी खाज सुटली. दुसऱ्या दिवशी टाच लाल झाली आणि तिसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत पाण्याने भरलेले फोड आले. हातांना, मानेला, डोळ्यांच्या पापण्यांनासुद्धा. बिब्बा उतला होता. काहींना तो सोसत नाही, आणि सोसतो की नाही हे घातल्यावरच कळतं. आत्यांनी खोबरं चावून लावलं, तीळ वाटून लावले. चौथ्या दिवशी एक फोड फुटून त्यात पू झाला आणि मला ताप भरला. पाय चपलेत मावेना.

बीडला दवाखान्यात सहा दिवस होते. रोजचा क्रम ठरलेला होता. सकाळी फरशी पुसायचा वास, मग सलाईन, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची ट्रॉली दारात वाजली की मी खाटेची कड घट्ट धरायचे. चिकटलेली पट्टी ओढताना सिस्टर म्हणायची, "बघू नका, वर बघा." वर पंखा होता आणि तो बंद होता.

सगळ्यात वाईट खाज. दुखणं माणूस सहन करतो, खाजेने माणसाचं माणूसपण जातं. शेजारच्या खाटेवर शबानाभाभी होत्या, बीडमधल्या एका फळवाल्याच्या बायको. त्यांच्या स्वतःच्या पायाला साखरेची जखम होती. एका दुपारी मी नखांनी स्वतःला ओरबाडायला लागले तेव्हा त्या लंगडत माझ्या खाटेवर येऊन बसल्या आणि माझी दोन्ही मनगटं धरून ठेवली. "रड, पर खाजवू नको," म्हणाल्या. किती वेळ धरली होती कोण जाणे. त्या बाईला मी पुन्हा भेटले नाही.

पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "हे कोणी केलं?"

आत्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. "म्या," त्या म्हणाल्या.

मग डॉक्टरीणबाई बोलल्या, सिस्टर बोलली, आजूबाजूच्या बायाही बोलल्या. कुणी म्हणालं, सासवांचं असंच असतं, सुनेचं चांगलं बघवत नाही. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. मी डोळे मिटून घेतले. पापण्या सुजलेल्या होत्या, कोणाला काही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी गौरीचे पप्पा सुट्टी काढून आले. माझा पाय बघितला आणि वॉर्डातच आईवर ओरडले, "तुला काय कळतंय का न्हाई? डाक्टरनं सांगितलतं ना? तिची जिंदगी वाया घातलीस तू!" आत्या बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. ते मला म्हणाले, "तू काळजी करू नको." मी भिंतीकडे तोंड केलं.

*

मैदान संभाजीनगरला होतं. सगळे नको म्हणत असताना गेले. पायावर नवी गुलाबी कातडी आली होती, बोट लावलं तरी चर्र व्हायचं. आणि तिच्या खाली, आत, ती जुनी कळ होती तशीच होती. बिब्ब्याने वरचं जाळलं, आतलं त्याला सापडलंही नाही.

सकाळी सातला आमची तुकडी उभी केली. छातीवर नंबर. माझ्या डाव्या बाजूची मुलगी एकवीस-बावीसची असेल, ती जागेवरच उड्या मारत होती. शिट्टी झाली. पहिला फेरा मी सगळ्यांबरोबर होते. खरं सांगते, तो फेरा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फेरा होता. मला वाटलं, होतंय.

दुसऱ्या फेऱ्यात मोज्यात ओलं लागलं. तिसऱ्यात मी टाच टेकवणं सोडून चवड्यावर पळायला लागले, मग पोटरी आखडली. त्यानंतर मी चालले. मुली मला मागे टाकून गेल्या, काही दोनदा. कडेला उभा असलेला एक कर्मचारी म्हणाला, "ताई, बसा, ॲम्ब्युलन्स बोलावू का?" मी नाही म्हटलं. तीन किलोमीटर पुरे केले. शेवटून दुसरी आले. माझ्या मागची मुलगी चक्कर येऊन पडली होती.

यादीत माझं नाव नव्हतं. लेखीचे गुण चांगले होते म्हणून मी वेड्यासारखी दोनदा बघितली. मग मोबाईल आत्यांकडे दिला, का ते माहीत नाही, त्यांना वाचता थोडंच येणार होतं. त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि तो उलटा करून चुलीच्या ओट्यावर ठेवला.

*

टाच बरी व्हायला पुढे सात महिने लागले. टॉवेल, बाटली, मऊ चप्पल, म्हणजे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेवढंच. यापेक्षा मोठं काही माझ्याकडे सांगण्यासारखं नाही. पहिल्या पावलाला कळ आली तर त्याच दिवशी पळणं थांबवा. थांबवणार नाही, मला माहीत आहे. तरी सांगते.

त्या सात महिन्यांत आत्या आणि मी कामापुरतं बोलत होतो. मीठ कुठंय, गौरी जेवली का. त्या माझ्या पायाकडे बघायच्या नाहीत. मी साडी नेसताना काळा पडलेला घोटा दिसला की त्या उठून बाहेर जायच्या. वस्तीवरच्या बाया माझी कीव करायच्या आणि त्यांना नावं ठेवायच्या. मी दोन्ही ऐकून घ्यायचे.

मागच्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरची सोनाली आली. एकोणीस वर्षांची आहे, पोलीस भरतीची तयारी करते. आत्यांपुढे बसली आणि म्हणाली, "आजी, टाच लई दुखायलीय. आई म्हणली, तुमी बिब्बा चांगला घालता."

मी भाजी निवडत होते.

आत्या उठल्या. त्यांनी मला विचारलं नाही. माझ्यासमोर खाली बसल्या, माझा उजवा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि साडीचा काठ घोट्याच्या वर सारला. सात महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा त्या पायाला हात लावला होता.

"हे बघ," त्या सोनालीला म्हणाल्या. "हे म्या केलंय. हिची नोकरी म्या घालवली. तू दवाखान्यात जा, आन् पळणं बंद कर. घरी कुनी बिब्बा घालतो म्हणलं तर माझं नाव सांग."

सोनाली माझ्या टाचेकडे बघत राहिली. मग उठली आणि गेली.

बिब्ब्याचा विषय निघाला, असं मी वर लिहिलं आहे. विषय आपला आपण निघत नाही. तो मी काढला होता. आत्या म्हणाल्या होत्या, "नको गं, डाक्टरनं नको म्हणलंय. कुनाकुनाला उततो बी." मी दोन दिवस त्यांच्या मागे लागले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "तुम्हाला मी नोकरीला लागावं असं वाटतच नाही ना?" त्या उठल्या आणि बिब्ब्याचा डबा काढला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी जागी होते. गौरीचे पप्पा ओरडले तेव्हाही जागी होते.

सोनाली गेल्यावर माझा पाय अजून आत्यांच्या मांडीवरच होता. मी म्हटलं, "आत्या, त्या दिवशी मीच..."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "गौरीला हाक मार. भाकरी निवायलीय."

गौरीचे पप्पा अजून आईशी तुटकच बोलतात. फोन आला की माझ्याशीच बोलतात आणि आईची चौकशी न करता ठेवतात. त्यांना तोंडावर सांगायची माझी हिंमत होत नाही. या महिन्यात ते आले की हे कागद आधी त्यांच्या हातात देणार आहे.